मुलीचे मामा स्टुलावर

आमच्या नातेवाइकांना नावं नाहीत, स्टेशनं आहेत. सफाळ्याची मावशी, केळव्याची आत्या, उमरोळीचे भाऊजी, वाणगावचे काका. विरारपासून डहाणू रोडपर्यंत पश्चिम रेल्वेनं जिथे जिथे थांबा दिला, तिथे तिथे आमच्या पूर्वजांनी एकेक मुलगी दिली. २०१३ साली चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हा सगळ्यांना मुंबई जवळ आल्याचा आनंद झाला. आमच्या घरी मात्र, ‘शटल चुकली हो’ असं सांगून यापुढे एकही लग्न टाळता येणार नाही, ही काळजी पसरली.

या वंशावळीत रुळांपासून लांब पडलेली एकच, माझी धाकटी बहीण. ती मासवणला. पालघरहून मनोरच्या रस्त्याला लागायचं, वाघोबाच्या खिंडीत गाडी हळू करून हात जोडायचे आणि पुढे सूर्या नदीच्या काठाला उतरायचं. ‘फार आत पडतं बाई तुझं गाव’ असं कुणी म्हटलं की ती ऐकवते, ‘आमच्या नदीचं पाणी रोज वसई-विरारला पोचतं, तुम्हाला एक दिवस इकडे पोचायला काय होतं?’ यावर वसईकरांना बोलता येत नाही. मासवणला उपसलेलं पाणीच त्यांच्या नळाला येतं.

या बहिणीच्या मुलीचं, म्हणजे माझ्या भाचीचं, लग्न मे महिन्यात ठरलं. आणि त्याच्या थोडंच आधी मी कॅमेरा घेतला होता.

मी तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर बाटल्यांमधले नमुने उजेडासमोर धरून नापास करायचे, हे माझं काम. त्यामुळे उजेडातलं आपल्याला कळतं अशी माझी समजूत होतीच. कॅमेऱ्यानं तिला खतपाणी घातलं. मी संध्याकाळी गच्चीवर जाऊन ‘लाइट सॉफ्ट आहे आज’ असं म्हणू लागलो. घरच्यांना आधी वाटलं, मी व्होल्टेजबद्दल बोलतोय.

बहिणीनं पालघरच्या एका फोटोवाल्याचा भाव काढला होता. तो आकडा ऐकल्यावर मी जे म्हणालो, ते माझी बायको अजून मला माझ्याच आवाजात म्हणून दाखवते. मी म्हणालो, “त्याला कशाला देतेस एवढे? मी आहे ना!”

“अहो, तुम्ही मुलीचे मामा आहात,” बायको म्हणाली. “मामाला लग्नात काम असतं.”

“काम कसलं? उभं राहायचं.”

व्हिडिओसाठी बहिणीनं एक मुलगा ठरवला, आणि फोटोचं खातं माझ्याकडे आलं.

आता माझं तत्त्व सांगतो, कारण पुढचं सगळं त्या तत्त्वामुळे झालं. मी कुणालाही उभं करणार नव्हतो. ‘इकडे बघा’, ‘हसा’, ‘जरा सरका’ यातलं काहीही म्हणणार नव्हतो. माणसं आपापल्या नादात असताना मी क्षण टिपणार होतो. लोक एका रांगेत ताठ उभे राहून कॅमेऱ्याकडे का बघतात, याचं कारण ऐतिहासिक आहे, असं मी बहिणीच्या यजमानांना समजावलंसुद्धा. १८३९ साली फोटो जाहीर झाला तेव्हा प्लेट हळू होती, मिनिटमिनिटभर हलता येत नसे. म्हणून ते ताठ बसणं. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, भाऊ दाजी लाडांचे भाऊ नारायण दाजी तिच्यात होते, त्या काळी ते ठीक. आता सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो निघतो, तर माणसानं अजून श्वास रोखून का बसायचं? यजमान मांडववाल्याशी ताडपत्रीवरून भांडत होते. त्यांनी ‘हो, हो, बरोबर’ म्हटलं, ते मला की मांडववाल्याला, हे समजलं नाही.

आमच्या घरात एकच जुना फोटो आहे. मधे खुर्चीवर आजोबा, गुडघ्यांवर पंजे, शेजारी आजी, मागे मुलं उंचीप्रमाणे. फोटो काढला की आयुष्य कमी होतं अशी आजीची खात्री होती, आणि त्या फोटोत ती कमी होणारं आयुष्य मोजत बसल्याचं स्पष्ट दिसतं. लहानपणी आम्ही त्या फोटोला हसायचो. केळव्याची आत्या त्यात आठ-नऊ वर्षांची आहे, परकर-पोलक्यात, हात बाजूला सरळ. हे लक्षात ठेवायला हवं होतं.

हळदीच्या रात्री मी कामाला लागलो. बेंजो पार्टी आली होती. आमच्या पालघर जिल्ह्यात नवरा एक वेळ उशिरा आला तरी चालतो, बेंजोला उशीर होऊन चालत नाही. सफाळ्याची मावशी, जिचे गुडघे दोन्ही नापास आहेत, ती पुढच्या रांगेत नाचत होती. मी फ्लॅश लावला. फ्लॅश तोंडावर मारायचा नाही, वर छताकडे करायचा, म्हणजे उजेड मऊ होऊन खाली येतो, हे मी शिकलो होतो. शिकवणाऱ्यानं ‘छत पांढरं हवं’ असंही सांगितलं असणार. बहिणीच्या मांडवाचं छत गुलाबी आणि पोपटी पट्ट्यांचं होतं. त्यामुळे नवरीला हळद लागली पिवळी आणि फोटोत ती दिसली निम्मी गुलाबी, निम्मी पोपटी. मावशी आणि तिच्या जावा तर पूर्णपणे पोपटी पट्ट्याखाली नाचत होत्या.

फ्लॅश बंद केला आणि आवाज न होणारं शटर सुरू केलं, म्हणजे कुणाला कळायला नको. इथे विज्ञान आडवं आलं. आपल्याकडची वीज ५० आवर्तनांची. स्वस्तातला एलईडी दिवा सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतो. डोळ्यांना ते कळत नाही. पण हे बिनआवाजी शटर फोटो वरून खाली वाचत जातं, त्यामुळे त्याला दिव्याचं प्रत्येक मिणमिणणं दिसतं आणि ते त्याचे काळे पट्टे काढून ठेवतं. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तारापूरला १९६९ पासून चालू आहे, मासवणपासून फार लांब नाही. त्याच्या शेजारी राहून वीज अशी वागेल असं मला वाटलं नव्हतं. उमरोळीचे भाऊजी सगळ्या फोटोंत गजाआड आहेत. ते पोलीस खात्यातून निवृत्त झालेत.

व्हिडिओवाला मुलगा डोक्यावर मोठा पांढरा दिवा धरून फिरत होता. तो प्रत्येकाला म्हणायचा, “आजी, हात वर, इकडे बघा, मस्त!” त्या वेळी मला त्याची कीव आली.

दुसऱ्या दिवशी मुहूर्त दुपारी बाराच्या आसपास. लग्नाचा फोटोग्राफर उंचावर असावा असं माझं दुसरं तत्त्व. मांडवाच्या पार टोकाला, आचाऱ्याच्या मागे, एक स्टूल होतं. आचारी ‘साहेब, ते डुगडुगतं’ असं म्हणाला. मी चढलो. डोक्याला फेटा, कारण मामाला फेटा हवाच; गळ्यात कॅमेरा; आणि मोठी लेन्स. तिथून मला सगळा मांडव दिसत होता. एक लहान मुलगा जिलेबी दोन्ही हातांनी धरून तिच्या भोकातून जगाकडे बघत होता. तो क्षण सुंदर होता, अजूनही माझं तेच मत आहे. मी त्याच्यावर नेम धरला.

माइकवर गुरुजी म्हणाले, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.”

मी वाक्य ऐकलं. पण लेन्समधून बघणाऱ्याला स्वतःचं नातं आठवत नाही. मुलीचा मामा कुणीतरी असेल, तो येईल, आणि आला की त्याचाही फोटो घेऊ, एवढाच विचार माझ्या मनात आला.

“मुलीचे मामा! मुहूर्त जवळ आलाय!”

गौरीहरापुढे भाची तांदळावर हात ठेवून बसली होती. बहीण दारात. बायको मांडवात एका टोकापासून पुरुष तपासत निघाली. नवऱ्याकडच्या मंडळींत ‘मामा रुसलेत का?’ अशी कुजबुज सुरू झाली. एकदा ती सुरू झाली की ‘काय कमी पडलं’ इथपर्यंत पोचायला मिनिट लागत नाही. आणि मग जिलेबीवाल्या त्या पोरानंच, ज्याच्यासाठी मी एवढा वर चढलो होतो, भोकातून माझ्याकडे बघत गळा काढला, “मामा स्टुलावर आहे!”

चारेकशे माणसं मागे वळली. व्हिडिओवाल्यानं दिवा माझ्यावर टाकला. माझ्या भाचीच्या लग्नाच्या व्हिडिओत सर्वांत स्थिर, नीट उजेडातलं आणि सर्वांत जास्त वेळा मागे नेऊन पाहिलेलं दृश्य ते आहे. आचारी एका हातानं स्टूल धरतोय आणि मी फेटा सांभाळत उतरतोय.

मंगलाष्टकांच्या वेळी मामानं उभं राहायचं असतं, हे मला माहीत होतं. कुठे, याचा विचार केला नव्हता. मामा मुलीच्या पाठीमागे उभा असतो. अगदी मागे, हातभर अंतरावर. त्यामुळे माझ्याकडे त्या मुहूर्ताचे जे फोटो आहेत त्यांत भाचीचा अंबाडा आहे, अंबाड्यातली मोगऱ्याची वेणी आहे, आणि तिच्यापलीकडे अंतरपाट आहे. अंतरपाट फारच चांगला आलाय. धागा न् धागा दिसतो. तो दूर झाला तेव्हा समोर नवरा मुलगा दिसला, मी बटण दाबलं, आणि त्याच क्षणी सगळ्या मांडवानं अक्षता टाकल्या. लेन्सनं जवळची गोष्ट पकडली. जवळची गोष्ट म्हणजे तांदूळ.

नंतर मी नवऱ्याचे जवळून फोटो घेतले. माझ्याकडे एक अशी लेन्स आहे की तिचं तोंड पूर्ण उघडलं की फार थोडी खोली स्पष्ट येते, मागचं सगळं विरघळून जातं. तिनं मुंडावळ्यांचे मोती टिपले. मुंडावळ्यांच्या मागे जावई विरघळले.

मग स्टेजवरची रांग. आहेराचं पाकीट हातात घेऊन माणसं वर येत होती, पाकीट देताना थबकून माझ्याकडे बघत होती, आणि मी मान दुसरीकडे वळवत होतो. उभ्या राहिलेल्या माणसाचा फोटो घ्यायचा नाही, हे ठरलेलं. ती कंटाळून खाली उतरू लागली, कुणी पायरी चुकली, कुणी पदर सावरला, कुणी खिशात दुसरं पाकीट राहिलंय का चाचपलं, की मी खटाखट टिपायचो. केळव्याची आत्या पैठणी नेसून आली होती. ती नवरा-नवरीच्या मध्ये जाऊन उभी राहिली. हात बाजूला सरळ. माझ्याकडे पाहत राहिली, पाहत राहिली. मागची रांग खोळंबली. शेवटी व्हिडिओवाला म्हणाला, “आजी, झालं झालं, आला तुमचा.” आत्या समाधानानं उतरली. उतरताना तिनं नाक पुसलं. ते माझ्याकडे आहे.

एकच फोटो उभं करून काढायचा, असं बहिणीनं दटावून सांगितलं होतं. सगळ्या आजोळचा, दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांसकट. खुर्च्या पाच, हक्कदार सात-आठ. कोण बसणार यावरून जी चर्चा झाली तिच्यात सूर्य कलला. शेवटी माझी आई, आत्या, विहीणबाई आणि व्याह्यांकडचे दोघे वयस्कर बसले, बाकी पन्नासभर मागे उभे.

ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी या विषयावर गणित केलंय. घोळक्याच्या फोटोत एकाचेही डोळे मिटलेले नकोत, तर फोटो किती काढावेत? त्याबद्दल त्यांना २००६ साली इग्नोबेल मिळालं, ते हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. त्यांचा साधा नियम असा: माणसं वीसच्या आत असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीननं भागा, कमी उजेडात दोननं, येईल तितके फोटो काढा. आणि माणसं पन्नासच्या घरात गेली तर? तर आशा जवळपास सोडून द्या. मला हे त्या वेळी माहीत असतं तर मी निदान विज्ञानाचा आधार घेऊन हरलो असतो. प्रत्येक फोटोत कुणी ना कुणी झोपलंय. ज्या एका फोटोत सगळे जागे आहेत त्यात विहीणबाई उठून चालल्यात.

बहिणीच्या घरामागच्या पाड्यावर आदल्याच आठवड्यात वारल्यांचं लग्न झालं होतं. कार्य झाल्यावर पाय मोकळे करायला, खरं तर बायकोपासून लांब, मी तिकडे गेलो. घराच्या आतल्या भिंतीवर लग्नाचा चौक होता. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सुवासिनींनी काढलेला, मध्ये पालघट देवी, भोवती नक्षी, बाजूला घोड्यावर नवरा-नवरी. हा चौक काढल्याशिवाय त्यांच्यात लग्न लागत नाही. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणली, जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मी बराच वेळ बघत राहिलो, आणि एक व्यावसायिक मत्सर वाटला. त्या चित्रांतल्या माणसांची डोकी म्हणजे नुसते गोल. कुणालाही डोळे नाहीत, म्हणून कुणाचे मिटलेले नाहीत. पदर कुठल्या बाजूला होता हे विचारणारं कुणी नाही. आणि जी कुणी आत्या येईल तिनं एका गोलावर बोट ठेवून ‘ही मी’ म्हणावं, कुणाची हरकत नाही.

आठवडाभरानं बहिणीच्या घरी टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. फोटो भरपूर होते. सुरुवातीला लोक हसले. नंतर फक्त स्वतःच्या फोटोला हसेनासे झाले. शेवटचा फोटो गेल्यावर आत्या म्हणाली, “झाले? आता लग्नाचे दाखव.”

“हेच लग्नाचे, आत्या.”

“माझा एकही नाहीये.”

मी मागे गेलो. आत्या जेवताना, आत्या हसताना, आत्या विहिणीच्या कानात काहीतरी सांगताना (त्यात विहिणीचा चेहरा फार बोलका आलाय), आत्या नाक पुसताना. आत्यानं सगळे शांतपणे पाहिले.

“हे फोटो आहेत होय?” ती म्हणाली. “हे तर मला न सांगता घेतलंस. मी स्टेजवर उभी राहिले होते तो कुठाय? पैठणीचा पदर पुढे घेऊन? पोरीच्या लग्नाला मी आले होते, हे ह्यात कुठे दिसतंय? ह्यात नुसती जेवताना दिसतेय.”

मला उत्तर सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी सफाळ्याच्या मावशीनं बोलू दिलं नसतं. तिला पोपटी रंगाबद्दल विचारायचं होतं.

तेव्हा मी तोडगा काढला. १८८८ साली कोडॅकनं जाहिरात केली होती की बटण तेवढं तुम्ही दाबा, पुढचं आम्ही बघू. हल्ली पुढचंही आपणच बघायचं असतं. मी संगणकावर बसलो आणि त्या सामुदायिक फोटोतल्या झोपलेल्या माणसांना दुसऱ्या फोटोतले जागे चेहरे लावले. काम जमतंय असं वाटल्यावर आत्याला व्हिडिओतल्या स्टेजवरच्या पदरासकट खुर्चीत बसवलं. विहीणबाईंना परत आणलं. एकदा हे बाहेर फुटल्यावर मागण्या सुरू झाल्या. सफाळ्याच्या मावशीला साडीचा रंग मूळचा हवा होता. आई काही बोलली नाही. तिनं कपाटातून बाबांचा पासपोर्ट आकाराचा फोटो काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. बाबांना मी तिच्या मागे उभं केलं. ते नीट जमलंय.

मग आईच म्हणाली, “वाणगावच्या काकांनाही घाल. एकटे कशाला बाहेर?”

वाणगाव मिरचीसाठी नावाजलेलं आहे, आणि आमचे काका गावाला धरून आहेत. पत्रिकेत आजोळच्या मंडळींत त्यांचं नाव धाकट्या भावाच्या खाली छापलं गेलं, म्हणून ते लग्नाला आलेच नव्हते. दुसऱ्या एका लग्नातला त्यांचा फोटो मिळाला, जॅकेट आणि फेट्यासकट. मी त्यांना तिसऱ्या रांगेत भाऊजींच्या शेजारी उभं केलं आणि फोटो सगळ्यांना पाठवून दिला.

रात्री फोन आला.

“फोटो बघितला,” काका म्हणाले.

“हो काका.”

“मी लग्नाला आलो नव्हतो.”

“नाही, म्हणजे आईची इच्छा होती की…”

“आलो नव्हतो हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. का आलो नव्हतो, तेही माहीत आहे.”

“काढून टाकतो, काका. आत्ताच.”

थोडा वेळ पलीकडून फक्त पंख्याचा आवाज आला.

“काढू नकोस,” काका म्हणाले. “पण आलोच आहे, तर मला उभा का ठेवलास?”

बसलेल्यांपैकी कुणाला उठवण्याची माझी छाती नव्हती. जेवणाच्या फोटोतून मी एक रिकामी लाल खुर्ची उचलली, आत्या आणि विहीणबाईंच्या मध्ये जागा करून ठेवली. काका मूळचे उभे. त्यांना गुडघ्यात वाकवणं काही केल्या जमेना, म्हणून कमरेखालचा भाग उमरोळीच्या भाऊजींच्या पंगतीतल्या फोटोतून घेतला. खुर्ची जमिनीपासून चार बोटं वर राहिली. ती खाली बसवली की काकांचा फेटा आत्याच्या खांद्यात घुसत होता, म्हणून तशीच ठेवली. काकांनी तो फोटो मोठा करून, काच लावून, वाणगावच्या घरात बैठकीच्या खोलीत लावला. त्यांच्या पायांविषयी ते अजून काही बोललेले नाहीत.

परवा केळव्याहून आत्याचा फोन आला. तिला एवढंच विचारायचं होतं की वाणगावकरांची खुर्ची तिच्या खुर्चीपेक्षा उंच कुणी ठेवली.